मोठ्या बाईंची खुर्ची

मराठी मुलखातल्या अंध मुलींच्या शाळेचा इतिहास दुष्काळापासून सुरू होतो. १८९९-१९०० चा तो दुष्काळ. गुजरातेत अजूनही त्याला 'छप्पनियो' म्हणतात. देवीच्या साथीने डोळे जात, तसेच ते उपासमारीनेही जात. ज्या मुलांच्या पोटात महिनोन्‌महिने हिरवा पाला किंवा दूध गेलेलं नसतं, त्यांच्या डोळ्यांचा पुढचा पारदर्शक पडदा कोरडा पडतो, मऊ होतो आणि फुटतो. दुष्काळ संपल्यावर मुंबईच्या अनाथाश्रमांत जी मुलं उरली, त्यांत अशीही मुलं होती. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड यांनी त्यांच्यासाठी मुंबईत शाळा काढली. या मिशनने मुंबईत मुलींची पहिली शाळा १८२४ मध्येच उघडली होती. म्हणजे मुलींना शिकवायचं की नाही हा प्रश्न त्यांच्यापुरता पाऊणशे वर्षांपूर्वीच सुटला होता. आंधळ्या मुलींना शिकवायचं का, हा प्रश्न मात्र नवा होता. मिलर्डबाईंची ती शाळा आज दादरला आहे, कमला मेहतांच्या नावाने चालते आणि फक्त मुलींची निवासी शाळा आहे.

मी बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत राहते आणि कन्नड व इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. इथे बसून दादर, केडगाव आणि कोल्हापूरचा हा इतिहास मी का जुळवते आहे, हे पुढे येईलच. आधी एक शब्द नोंदवते. मराठी शाळेत मुख्याध्यापिकेला कुणी मुख्याध्यापिका म्हणत नाही. त्या 'मोठ्या बाई' असतात. दाखला त्या देतात, वर्ग कुठल्या मजल्यावर भरायचा ते त्या ठरवतात, उशिरा आलेल्या मुलीला आत घ्यायचं की घरी धाडायचं हेही त्याच सांगतात. शरीराने अधू असलेल्या मुलीचं शिक्षण कायद्यांनी, अनुदानांनी आणि करुणेने बरंच ठरवलं. पण ती मुलगी उंबऱ्याच्या आत आली की बाहेर राहिली, हे बहुतेक वेळा मोठ्या बाईंनी ठरवलं. म्हणून हा इतिहास मी त्यांच्या खुर्चीच्या बाजूने पाहते. त्या खुर्चीत कोण बसलं होतं, आणि तिथून त्यांना काय दिसलं?

मिलर्डबाईंना सगळ्यात आधी दिसली ती लिपीची अडचण. ब्रेल लिपी फ्रेंचांसाठी तयार झाली, मग ती इंग्रजीत आली. मराठी मुलीला ती शिकवायची तर 'ळ' कसा लिहायचा, 'ज्ञ' कसा, काना-मात्रा कुठे द्यायच्या, हे कुणीतरी ठरवायला हवं होतं. त्या काळात ज्याने-त्याने आपापल्या शाळेपुरतं ते ठरवलं. अमृतसरला अ‍ॅनी शार्प यांनी १८८७ मध्ये देशातली पहिली अंधशाळा काढली, तिथली पद्धत वेगळी. मुंबईत मिलर्डबाईंची वेगळी. मुंबईतच १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली. म्हैसूरला १९०१ मध्ये मूकबधिर आणि अंधांची शाळा निघाली, तिथे कन्नडचा प्रश्न. परिणाम असा झाला की एका शाळेत तयार झालेलं पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलीच्या बोटांना वाचता येईना. देशातल्या अंधांमध्ये आधीच फार थोड्या जणी शिकलेल्या, आणि त्याही एकमेकींसाठी निरक्षर.

हा गोंधळ मिटायला १९५१ साल उजाडावं लागलं. युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या चर्चांनंतर त्या वर्षी 'भारती ब्रेल' स्वीकारली गेली. ती समजून घेताना अनुवादक म्हणून मी चकित झाले. या लिपीत मराठीचा 'क' आणि कन्नडचा 'क' एकच आहेत: पहिला आणि तिसरा ठिपका. बंगाली, तमिळ, गुजराती यांचाही तोच. इंग्रजीतल्या 'के' या अक्षरालाही तेच दोन ठिपके. वेलांटी, उकार असं अक्षराला चिकटून काही येत नाही. 'कि' लिहायचं तर 'क'पुढे 'इ' येतो. पूर्वी लिपी बदलली की जी भिंत उभी राहायची, ती बोटांसाठी उरलीच नाही. केडगावची मुलगी म्हैसूरचं पुस्तक हाती घेईल तर तिला अर्थ कळणार नाही, पण उच्चार करता येईल. डोळसांना जे जमलं नाही ते अंधांच्या शाळांनी करून दाखवलं, कारण त्यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता.

केडगावचं नाव आलंच आहे. दौंड तालुक्यातल्या या गावी पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचं चरित्र आपण विधवांच्या संदर्भात वाचतो, धर्मांतराच्या वादात वाचतो. त्यांच्या कानांविषयी मात्र क्वचितच वाचतो. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकण्यासाठी. १८८२ मध्ये पुण्यात हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं ठासून सांगितलं होतं. आता स्वतः डॉक्टर व्हायचं होतं. ते झालं नाही, कारण त्यांना ऐकू कमी येत होतं. वैद्यकीचं दार त्यामुळे बंद झालं.

दुसरं दार उघडलं ते एका मोठ्या बाईंनी. डोरोथिया बील तेव्हा चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या होत्या. १८५८ पासून, म्हणजे रमाबाईंच्या जन्मवर्षापासून त्या त्या पदावर होत्या. त्यांनी रमाबाईंना विद्यार्थिनी म्हणून घेतलं आणि संस्कृतची शिक्षिका म्हणूनही. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, यावर बिशपांनी हरकती घेतल्या, पत्रापत्री झाली. बीलबाईंनी मात्र रमाबाईंच्या बुद्धीवरचा विश्वास सोडला नाही. कमी ऐकू येणारी, परदेशी, विधवा, कडेवर लहान मुलगी असलेली ही बाई शिकवू शकते, हे एका संस्थेच्या प्रमुखाने मान्य करणं ही गोष्ट मला पुढच्या सगळ्या इतिहासाची सुरुवात वाटते. कारण कान पूर्वीइतकेच अधू होते. फक्त वैद्यकीच्या शिक्षणाला ते आड आले आणि चेल्टनहॅमला आले नाहीत. व्यंग तेच असतं, आणि ते आड येतं की नाही हे समोरची संस्था कशी आहे त्यावर ठरतं. आज अपंगत्वाचा अभ्यास करणारे ही गोष्ट मोठमोठ्या परिभाषेत सांगतात.

कडेवरची ती मुलगी म्हणजे मनोरमा. जन्म १८८१ चा. ती अमेरिकेत शिकायला गेली तेव्हा तिथे ब्रेल शिकली, आणि परत आल्यावर मुक्तीतल्या अंध मुलींना शिकवू लागली. १८९६-९७ च्या आणि नंतर १८९९-१९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून शेकडो मुली आणल्या होत्या. त्यांत आंधळ्या मुलीही होत्या. त्यांच्या घराला नाव दिलं होतं 'बर्तिमी सदन'. बर्तिमय हा बायबलमधला आंधळा भिकारी, यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला. नावात त्या काळची सगळी दृष्टी आहे: आंधळं म्हणजे भिकारी, आणि त्याची सुटका करणारा कुणी दुसरा. पण सदनाच्या आत जे घडलं ते नावापेक्षा पुढचं होतं. तिथल्या मुली वाचायला शिकल्या, टोपल्या विणायला शिकल्या. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, आणि मुक्तीच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत होत्या. असा सगळा अक्षरांचा उद्योग जिथे चालला होता, तिथे आंधळ्या मुलींनाही अक्षर मिळालं, हे त्या जागेच्या स्वभावाला धरूनच होतं.

इथे एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. मिलर्ड असोत की रमाबाई, शाळेबरोबर धर्मही आला. त्या मुलींना निवड नव्हती. दुष्काळात निवड कुणालाच नसते. तरीही मला प्रश्न पडतो की त्याच सुमारास पुण्या-मुंबईत स्त्रीशिक्षणाच्या ज्या संस्था उभ्या राहत होत्या, त्यांच्या हिशेबात आंधळी किंवा पांगळी मुलगी का नव्हती? उत्तर बहुधा त्या संस्थांच्या युक्तिवादातच आहे. मुलीला शिकवा, म्हणजे ती चांगली गृहिणी होईल, चांगली आई होईल, असं म्हणून त्यांनी समाजाची संमती मिळवली. जिचं लग्नच होणार नाही असं सगळे धरून चालले होते, तिला या युक्तिवादात जागा कुठून मिळणार? विधवेसाठी निदान नर्स किंवा शिक्षिका होण्याची वाट काढली गेली. अधू मुलगी या दोन्ही वाटांच्या बाहेर राहिली.

मनोरमाबाईंची आणखी एक शाळा मला इथून जवळची आहे. १९१२-१३ च्या सुमारास रमाबाईंनी गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, शाळा काढली आणि तिची धुरा मनोरमाबाईंकडे दिली. रमाबाईंचा जन्म सह्याद्रीत गंगामूळला झाला, तेही आज कर्नाटकातच आहे. तेव्हा हा इतिहास मराठी भाषेचा आहे, फक्त मराठी राज्याचा नाही. मनोरमाबाई १९२१ मध्ये चाळिशीतच गेल्या. पुढच्या वर्षी रमाबाई गेल्या. भाषांतर पुरं झालं होतं. ते छापून आलं १९२४ मध्ये.

भाषेकडे थोडं वळते, कारण अनुवाद करताना हे शब्द रोज हाताखालून जातात. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. दळण हे बायकांचं काम, तरी म्हणीतलं आंधळं नपुंसकलिंगी आहे. 'वासरांत लंगडी गाय शहाणी' यात स्त्रीलिंग आहे, पण ते हिणवण्यासाठी. मराठीत मूल नपुंसकलिंगी असतं, पण ते मोठं झालं की मुलगा किंवा मुलगी होतं. पांगळं मूल मात्र पुष्कळदा म्हातारपणापर्यंत 'ते' राहतं: 'त्यांच्या घरी एक पांगळं आहे.' आणि 'लंगडी' हा तर आपल्या शाळांचा खेळ. सगळ्या मुली एका पायावर उड्या मारत एकमेकींना पकडतात. जिचा एकच पाय चालतो ती मैदानाच्या कडेला इतरांच्या चपला सांभाळत बसते. सरकारी शब्द बदलत गेले: पंगू, अपंग, विकलांग. १९९५ च्या कायद्यानंतर 'अपंग' रूढ झाला. २०१५ च्या शेवटी पंतप्रधानांनी 'दिव्यांग' सुचवला आणि महाराष्ट्रात २०२२ पासून त्या नावाचा स्वतंत्र विभाग आहे. मी अनुवादात शक्य तिथे 'अपंग' ठेवते. ज्या अंगामुळे बसमध्ये चढता येत नाही त्याला दिव्य म्हटल्याने पायरी खाली येत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर दुष्काळाची जागा पोलिओने घेतली. दुष्काळाने गरिबांची मुलं नेली होती. पोलिओ मलबार हिलवरही पोचला. आणि तिथून या इतिहासात आया आल्या. फातिमा इस्माईल या स्वातंत्र्यचळवळीत वावरलेल्या मुंबईच्या बाई. त्यांची लहान मुलगी उषा हिला पोलिओ झाला. उपचार शोधत त्या मद्रासपर्यंत गेल्या, व्यायामोपचार स्वतः शिकल्या आणि १९४७ मध्ये मुंबईत त्यांनी अशा मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी केली. हाजीअलीचं मुलांचं अस्थिरुग्णालय त्यातूनच झालं. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९७८ मध्ये त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या. त्यांच्या संस्थेचं नवं रुग्णालय २०१७ मध्ये हाजीअलीलाच सुरू झालं तेव्हा त्यात भागीदार होती नारायणा हेल्थ. तिचं मुख्य आवार आमच्या शेजारी, होसूर रस्त्यावर बोम्मसंद्र्याला आहे.

फातिमाबाईंच्या संस्थेचं नाव पुनर्वसनासाठी होतं. मुंबईत आग्रीपाड्याला दुसरी एक संस्था आहे, सोसायटी फॉर द एज्युकेशन ऑफ द क्रिपल्ड. तिच्या नावात शिक्षण आहे. या दोन नावांमधून एक जुना पेच दिसतो. पोलिओ झालेल्या मुलीला आधी चालतं करायचं की आधी शिकतं करायचं? शस्त्रक्रिया, प्लास्टर, कॅलिपर, पुन्हा शस्त्रक्रिया यांत वर्षं जात. मुलगी बारा-तेरा वर्षांची होऊन घरी येई तेव्हा तिच्या बरोबरीच्या मुली सातवीत असत आणि ती पहिलीत. मग कुणी म्हणे, आता कशाला? तोवर ती 'मोठी' झालेली असे. मुलग्याला उशिरा शाळेत घालत. मुलीला घालत नसत. रुग्णालयात शाळा असणं ही चैन नव्हती, हे यावरून कळावं.

मिठू अलूर याही आई. मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी. तिला सामावून घेईल अशी शाळा मुंबईत नव्हती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी कुलाब्याच्या एका बंगल्यात तीन मुलांना घेऊन त्यांनी शाळा सुरू केली, ती स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया. नर्गिस दत्त तिच्या पहिल्या आश्रयदात्या. मालिनी पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात शिकली, परदेशात शिकली आणि एका बोटाने टंकून तिने आत्मचरित्र लिहिलं. अलूरबाईंच्या वाटचालीत मला जास्त मोलाचं वाटतं ते त्यांनी नंतर बदललेलं मत. वेगळी, उत्तम, खास शाळा उभी करण्यात आयुष्याची पंचवीस वर्षं घातल्यावर त्या म्हणू लागल्या की वेगळी शाळा हे उत्तर नाही; मुलांना सगळ्यांच्या शाळेत जाता आलं पाहिजे. सरकारच्या अंगणवाडी योजनेतून अपंग मुलं कशी वगळली जातात, हे त्यांनी संशोधनातून मांडलं. आपणच बांधलेल्या संस्थेचा पाया तपासायला जी धमक लागते, ती फार थोड्या मोठ्या बाईंकडे असते.

दुष्काळात मिशनच्या बाया, पोलिओत आया. तिसरी पायरी ती, जिथे खुर्चीवर स्वतः ती मुलगीच बसली. बंगळुरूत हे १९५९ साली झालं. एन. एस. हेमा यांना लहानपणी पोलिओ झाला होता, त्या चाकाच्या खुर्चीवर असत. काही मित्रमैत्रिणींना घेऊन त्यांनी एक संघटना काढली. ती आज एपीडी म्हणून ओळखली जाते आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, लिंगराजपुरात आहे. तिच्या 'श्रद्धांजली' शाळेत अपंग आणि इतर मुलं एकत्र शिकतात. संस्थेने फळझाडं-फुलझाडांचं प्रशिक्षणही सुरू केलं. बागेच्या शहरात ही कल्पना सुचणं साहजिक होतं, पण बाग म्हणजे खाली बसणं आणि वाकणं असं आपण समजतो. वाफा कमरेइतका उंच केला की चाकाच्या खुर्चीवरूनही रोप लावता येतं.

कोल्हापुरात हेच नसीमा हुरजूक यांनी केलं. जन्म १९५० चा, सोलापूरकडच्या कुटुंबातला. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर पाठीच्या कण्याच्या आजाराने कमरेखालचं शरीर लुळं पडलं. निराशेच्या काळात त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. तेही पॅराप्लेजिक, पण स्वतःसाठी बदलून घेतलेली मोटार चालवणारे. नसीमादीदी शिकल्या, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली, आणि १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था उभी केली. पुढे उचगावला 'घरौंदा' हे वसतिगृह आणि समर्थ विद्यामंदिर झालं, सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचा कारखाना झाला. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं मराठी आत्मचरित्र मराठी वाचकांना माहीत आहे.

स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेली बाई संस्था चालवते तेव्हा काय बदलतं? सगळ्यात आधी संडास बदलतो. हे वाक्य साहित्यिक नियतकालिकात नीट दिसत नाही, पण या विषयावर यापेक्षा महत्त्वाचं वाक्य माझ्यापाशी नाही. पॅराप्लेजिया झालेल्या व्यक्तीचा लघवीवर ताबा राहत नाही. कॅलिपर घातलेल्या मुलीला खाली बसता येत नाही. खुर्ची वळेल एवढी जागा, धरायला दांडा, दाराची रुंदी, पाणी हाताशी असणं, एवढ्यावर तिचं शिक्षण अवलंबून असतं. जिथे हे नसतं तिथे मुलगी सकाळपासून पाणी पीत नाही. पाळी सुरू झाली की महिन्यातले चार-पाच दिवस शाळा बुडते, मग शाळाच सुटते. आईला वाटतं, उचलून कोण नेणार, आणि पुरुष शिपायाने उचललेलं कसं चालेल? मुलग्याला उचलून नेणारे चार मित्र असतात. मुलीला उचलायला कुणी नको, उतार हवा. ज्या मोठ्या बाईंनी हे स्वतः भोगलेलं असतं, त्या इमारतीचा नकाशा संडासापासून वाचतात.

आता इलेक्ट्रॉनिक सिटीकडे येते. १९७८ मध्ये केऑनिक्सने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकरांवर ही वसाहत आखली. इथल्या कंपन्यांच्या आवारांत सगळीकडे उतार आहेत, लिफ्ट बोलतात, संडासांवर चाकाच्या खुर्चीचं चित्र आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. तिच्या स्थानकांत अंधांसाठी खडबडीत फरशीची वाट आहे. ती वाट संपते तिथे फुटपाथ सुरू होतो, आणि फुटपाथवर केबलचं भेंडोळं, उघडी गटार, दुचाकी. म्हणजे नोकरीच्या दाराशी सोय आहे, पण तिथवर पोचायला जी पंधरा वर्षं शाळेत काढावी लागतात, त्यांची नाही. कंपन्यांमधले अपंगांसाठीचे भरतीअधिकारी सांगतात की पात्र मुली मिळत नाहीत. त्या कुठे गळल्या, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

इथे बांधकामावर कलबुर्गी, यादगीर, रायचूरकडून आलेली कुटुंबं पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांची बोली कानावर पडली की मला मनोरमाबाईंची शाळा आठवते. एका खोलीत मी एक मुलगी पाहते, आठ-नऊ वर्षांची. दोन्ही पाय बारीक. दिवसभर धाकट्या भावाला राखते, आणि राखते उत्तम. आईला विचारलं तर म्हणाली, शाळा जवळ आहे, पण वर्ग वरच्या मजल्यावर आहे. कागदोपत्री या मुलीला सगळं आहे. २०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा तिच्या पसंतीच्या खास शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत सुगम करावी, असंही तो म्हणतो. समग्र शिक्षा अभियानात अशा मुलींना दरमहा २०० रुपये, वर्षातले १० महिने, विद्यावेतन आहे. फारच अडचण असेल तर घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे. ही तरतूद चांगल्या हेतूने झाली, पण तिचा आधार घेऊन मुलीला हजेरीपटावर ठेवता येतं आणि वर्गाबाहेरही.

आकडे हेच सांगतात. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांत १ कोटी १८ लाख स्त्रिया. अपंग पुरुषांत साक्षर ६२ टक्के, अपंग स्त्रियांत ४५ टक्के. दोघांचंही शरीर अधू आहे. मधले १७ टक्के शरीराने झालेले नाहीत.

त्या मुलीसाठी लागतं काय? नवी योजना नको. तिचा वर्ग तळमजल्यावर आणायचा. हे एका सहीचं काम आहे, आणि ती सही मोठ्या बाईंची. परीक्षेला लेखनिक हवा, तासाला किमान २० मिनिटं जादा हवीत, हा अर्जही त्यांच्याच सहीने जातो. सहलीला हिला नेऊ नका, जबाबदारी कोण घेणार, असं एखादा शिक्षक म्हणतो तेव्हा 'मी घेते' म्हणणं हेही त्यांचंच काम. बीलबाईंनी यापेक्षा वेगळं काही केलं नव्हतं. इतिहासात आपण संस्था स्थापन करणाऱ्यांची नावं लिहितो, कारण स्थापनेला तारीख असते. वर्ग खाली आणल्याची तारीख कुठे लिहिलेली नसते. ज्या जिल्हा परिषदेच्या किंवा सरकारी शाळांतून पोलिओच्या पिढीतल्या मुली शिकून बाहेर पडल्या, तिथे कुणीतरी बाकं खाली उतरवली असणारच. त्या बाईंची नावं आज फक्त त्या मुलींना माहीत आहेत, आणि त्याही आता साठीच्या पुढे आहेत.

पोलिओ गेला. देशातली शेवटची रुग्ण २०११ च्या जानेवारीत हावड्यात सापडली, तीही मुलगीच. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण पाठीच्या कण्याला इजा, सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचे आजार, रस्त्यावरचे अपघात हे गेलेले नाहीत, आणि त्यांच्यामागे पोलिओइतकी मोठी पिढी नसल्यामुळे ते नजरेआड होतात. शाळेत एकच अशी मुलगी असते. एकीसाठी उतार कशाला, असं म्हटलं जातं. १९०० मध्ये मुंबईत जमलेली मुलंही मोजकीच होती, १९७२ मध्ये कुलाब्याला तर तीनच मुलं होती.

या इतिहासात खुर्ची दोनदा हात बदलली: परक्या बाईकडून आईकडे, आईकडून स्वतः मुलीकडे. तिसऱ्यांदा ती बदलायची आहे ती खास संस्थांच्या बाहेर. कमी ऐकणारी, चाकांवर फिरणारी, पांढरी काठी घेऊन चालणारी बाई एखाद्या साध्या सरकारी शाळेची मुख्याध्यापिका असेल आणि मुलं तिला नुसतं 'मोठ्या बाई' म्हणतील. शिक्षकांच्या भरतीत अपंगांसाठी राखीव जागा आहेत. त्यांतल्या बायका सेवाज्येष्ठतेने त्या खुर्चीपर्यंत पोचायला लागल्या आहेत. मुख्याध्यापकांचं दालन मात्र अजून अनेक इमारतींत पहिल्या मजल्यावरच आहे.